स्फटिकबाईंनी उगवलेला सूड

प्रयोगशाळेत सगळे त्यांना स्फटिकबाई म्हणत. धातूचे सहा अणू आणि त्यांच्या पोटात कोंडलेला एकुलता एक कार्बन, अशा कार्बाइड क्लस्टरचे काळेभोर स्फटिक वाढवावेत तर बाईंनीच. जराशी हवा लागली की सगळं मातीमोल. पण अठरा वर्षांत बाईंच्या हातून एकही नळी वाया गेली नव्हती.

त्याच स्फटिकांवर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मोठा शोधनिबंध छापला. बाईंनी तो शेवटच्या ओळीपर्यंत पाहिला. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"अहो बाई, तुम्ही नुसत्या नळ्या भरता," सर हसून म्हणाले. "विचार माझा."

बाई आतून धुमसत राहिल्या. डॉक्टरांनी दंडाला चोवीस तास यंत्र बांधून रक्तदाब मोजला, तर तो झोपेतही खाली यायला तयार नव्हता. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीच्या जोडीला त्यांनी मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची, शरीरात हळूहळू विरघळणारी गोळी दिली.

"काही जणांचा झोपेतला दाब हिने उतरतो. बघू या. आणि मनाला लावून घेऊ नका."

"गोळी घेईन," बाई म्हणाल्या. "दुसरं जमायचं नाही."

त्यांनी खालच्या मजल्यावर, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत बदली मागून घेतली. सर स्वतः नळ्या भरू लागले. ठेवल्या कुठे, तर व्हॅक्यूम पंपाच्या टेबलावर! त्या थरथरीत स्फटिक धरत नाही, नुसता चुरा पडतो, हे बाई पक्कं जाणून होत्या. येता-जाता दारातून बघायच्या आणि पुढे व्हायच्या. सात वेळा चुरा झाला.

"ताई, सांगून टाक ना एकदाचं," धाकटी बहीण म्हणाली. "कशाला जीव जाळतेस?"

"माझा नाही, त्याचा जळतोय. जळू दे."

पुढच्या तपासणीत झोपेतला दाब थोडा उतरलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळीचा गुण. बाईंनी वाद घातला नाही.

आठव्या चुऱ्यानंतर सर जिना उतरून आले. विद्यार्थ्यांदेखत त्यांनी विचारलं, "बाई, कुठे चुकतंय हो?"

"विचार तुमचा ना, सर? मग करा की."

सरांचा चेहरा पडला. "पुढच्या निबंधात तुमचं नाव घालतो."

"पुढच्या नको. मागच्या."

सहा आठवड्यांनी दुरुस्ती छापून आली. बाईंनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, वर गेल्या आणि नळ्या उचलून लांबच्या भिंतीतल्या कपाटात ठेवल्या.

"एवढंच?" सर जवळजवळ किंचाळले.

"एवढंच."

परत या म्हणून सरांनी खूप गळ घातली. बाई खालीच राहिल्या.

"आता तरी माफ केलंस का त्यांना?" बहिणीने विचारलं.

"छे!" बाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.