आधी हौद, मग टँकर

‘भूजल वापर : शून्य.’ स्टोअर मॅनेजरनं स्क्रीनवरची ओळ दाखवली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडं पाहिलं.

शहराच्या कडेला नव्यानं उभं राहिलेलं ते भलंमोठं दुकान होतं. त्याचा पर्यावरणावर किती भार पडतो हे तपासून मार्क देणं, हे माझं काम. दुष्काळात आवारातली बोअर आटली होती. मग बाहेरची हिरवळ कशावर जगते, असं मी विचारलं.

‘टँकरवर. विकतचं पाणी भूजलात धरत नाहीत, मॅडम.’

टँकर काही आभाळातून भरत नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसले आणि फुलंब्रीच्या अलीकडं एका विहिरीवर उतरले.

टँकरचा पाइप विहिरीत सोडला. शेजारचा दगडी हौद मात्र कोरडा ठणठणीत, आणि त्याच्याभोवती मेंढरं उभी. ती मेंढपाळ धुळाबांची. विहीर रामरावांची. त्यांच्या घरात आजोबांपासून दंडक होता: मोटर चालू केली की आधी हौद भरायचा, मग शेत. वाटेनं येणारं कुणाचंही जनावर तिथं पाणी पिणार. टँकर सुरू झाले आणि दंडक मोडला. रामराव खाली मान घालून म्हणाले की हौद भरेपर्यंत ड्रायव्हर थांबत नाहीत, आणि पीक जळाल्यापासून घर टँकरच्या पैशावरच चालतंय. त्यांच्यावर रागावताही येईना.

‘असंच ऱ्हायलं तर कळप इकावा लागंल,’ धुळाबा म्हणाले. ‘मग म्या काय राखायचं?’

परत येऊन मी टँकरचं सगळं पाणी भूजलात धरलं. आधी हौद भरायचा, अशी अट टँकरच्या करारात घाला, असंही सांगितलं.

‘फॉर्मॅटमध्ये हौदाला रकानाच नाही,’ मॅनेजर म्हणाले.

‘मग माझ्या सहीलाही जागा नाही.’

हेड ऑफिसचे फोन आले. बरीच वादावादी झाली. शेवटी अट करारात आली, हिरवळीचं पाणी बंद झालं आणि टँकर दुकानातल्या वापरापुरताच उरला.

फेरतपासणीला गेले तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता. मेंढरं पाण्याला लागली होती. हौदाच्या भिंतीवर हिरव्या रंगात कंपनीचं नाव, आणि खाली ‘समाजोपयोगी उपक्रम’. माझं डोकंच फिरलं. हे आजच्या आज पुसायला लावते, म्हटलं.

‘ऱ्हाऊ द्या, ताई,’ धुळाबा म्हणाले. ‘मेंढरांना कुठं वाचता येतं?’

नाव राहिलं. कंपनीनं रिपोर्टमध्येही घातलेला ‘उपक्रम’ तेवढा मी खोडला आणि लिहिलं, ‘मोडलेला रिवाज पुन्हा सुरू.’

त्याला मार्क नसतात.