गांजाच्या डॉक्टरीणबाईंची चौकशी

वर्ष २०१६ की १७, आता छातीठोक सांगता येत नाही. बाहेर बर्फ होतं हे नक्की, कारण आम्ही कॅनडातल्या किचनर गावचे निवृत्त लोक तेव्हा मॉलमध्ये चालायला जायचो. चालता चालता किस्से इतके साठतात, की कुठला कुणाचा तेच विसरायला होतं. हे मात्र आमच्या घरचे.

माझ्या बायकोची, सुधाची, नागीण बरी झाली होती. पायातली आग काही जाईना. फॅमिली डॉक्टरनं मेडिकल मॅरिवाना क्लिनिकला रेफर केलं.

"म्हणजे गांजा," माझा मित्र नेने म्हणाला. त्याला शब्द मऊ करता येत नाहीत.

*

मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंचं नाव शोधलं. लायसन्स चालू, कारवाई शून्य. प्रिंट काढून सुधाला दाखवली.

"यांना अजून शिक्षा झालेली नाही, एवढंच कळलं," ती म्हणाली. "चांगल्या आहेत हे कुठं लिहिलंय?"

असले प्रश्न वर्गात मी विचारायचो.

*

मग क्लिनिकला फोन केला. "तुमच्या डॉक्टर किती पेशंटना नाही म्हणतात?"

रिसेप्शनिस्ट म्हणाली, "सर, वुड यू लाइक टु बी रिफ्यूज्ड?"

*

नेने म्हणाला, "मी जाऊन बसतो. पेशंट पाच मिनिटांत बाहेर आला, तर ते चिठ्ठ्यांचं दुकान समज."

दोन तास बसून आला. रिपोर्ट उत्तम: प्रत्येक जण आत पाऊण तास. "फक्त बाहेर येताना सगळ्यांचा हात गालावर का असतो रे?"

त्या मजल्यावर एक डेंटिस्टही होता.

*

शेवटी आम्हीच गेलो. बाईंनी सुधाची सगळी औषधं वाचली, रक्त पातळ करण्याच्या गोळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "आज काही देणार नाही. आधी तुमच्या डॉक्टरशी बोलते. तीन आठवड्यांनी या."

मी गाडीत खूश. "बघ, नाही म्हणाल्या! बाई प्रामाणिक आहेत."

"तुम्हाला प्रामाणिक डॉक्टर मिळाली," सुधा म्हणाली. "माझा पाय तसाच आहे."



*

तीन आठवड्यांनी बाईंनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. साक्षीदाराला बाहेर का काढतात, या विचारानं मी घामाघूम. सुधा तेलाच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन आली. आत काय झालं ते सांगेना.

थेंब लागू पडले. महिन्याभरात ती मॉलमध्ये आमच्याबरोबर चालू लागली. आतलं मात्र मला कळलं नाही.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि सुधानं आपल्या फाइलची कॉपी मागवली. चष्मा सापडेना म्हणून तिनं ती मलाच वाचायला दिली. मला बाहेर बसवलं त्या दिवसाखाली बाईंनी लिहिलं होतं:

'पेशंटचा पहिला प्रश्न: औषध सुरू केल्यावर नवऱ्याची काळजी किती दिवसांत कमी होईल? उत्तर दिले: याबाबत पुरावा उपलब्ध नाही.'