मेजरकाकांची जई

मेजरकाका माणसाकडे बघायचे ते घोड्याकडे बघितल्यासारखे. आधी डोळे, मग केस, मग चाल. नमस्कार वगैरे नंतर. मी चंडीगडला शिकायला आले आणि सेक्टर २२ मध्ये बीजी नावाच्या पंजाबी बाईंच्या घरात वरची खोली घेतली. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या या मराठी भाडेकरूने मला जिन्यात अडवून विचारलं, "पोट साफ होतं का रोज?" माझ्या आईनेसुद्धा हा विषय इतक्या लवकर काढला नसता.

काका मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यात घोड्यांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर इथेच राहिले. का, असं विचारलं तर थंडी मानवते म्हणायचे. पंजाबात ते दिवस बरे नव्हते. बसस्टँडवर झडती, आज बंद, उद्या कर्फ्यू, आणि परत ये म्हणून घरून येणारी पत्रं. काका मात्र सकाळी सहाला जई शिजवायला ठेवायचे. जई म्हणजे ओट्स. हल्ली ते खोक्यात मिळतात आणि लोक कौतुकाने खातात. तेव्हा बाजारात जई मागितली की दुकानदार विचारायचा, गाय आहे की घोडा?

घोड्याला चालतं ते माणसाला चालणारच, अशी त्यांची पक्की समजूत. पहिल्या खेपेला त्यांनी जई सालासकट शिजवली आणि मी नि बीजी दुपारपर्यंत दातांतून फोलपटं काढत बसलो. मग काका सुधारले. जई भाजायची, कांडायची, साताऱ्याहून आणलेल्या सुपात पाखडायची आणि चक्कीवरून जाडसर भरडून आणायची. ताठ मिशांचे मेजर व्हरांड्यात मांडी घालून सूप हलवताना बघायला शेजारपाजारचे थांबत. काकांना त्याचं काही वाटत नसे. ताक, जिरं आणि मीठ घालून ते तिची आंबील करायचे, आणि ती खरोखर चांगली लागायची.

"बुळबुळीत लागते म्हणून नाक मुरडू नकोस," ते मला सांगत. "तो चिकटपणाच कामाचा. त्याच्यामुळे जेवण पोटात सावकाश पचतं, साखर एकदम चढत नाही, भूक लवकर लागत नाही. रक्तातली चरबीही थोडी आटोक्यात राहते." पण हे औषध नव्हे, जेवण आहे, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे त्यांचं शेपूट प्रत्येक वेळी असेच. वर साखर ओतणाऱ्याला ते सरळ अडाणी म्हणत.

हा शेवटचा टोमणा आमच्या घरमालकीणबाईंना असायचा. बीजींना मधुमेह होता आणि नाश्त्याला लोणी थापलेला पराठा लागायचा. काका त्यांच्या चहातले चमचे मोजत आणि बीजी मला म्हणत, हा माणूस मला तबेल्यात बांधणार आहे. तरी वर्षभरात त्या रोज वाटीभर जई खायला लागल्या होत्या.

मग तो आठवडा आला. बीजींचा एकुलता एक मुलगा अमृतसरजवळच्या गावात मास्तर होता. त्या बाजूला गोळीबार झाल्याची बातमी आली, कर्फ्यू लागला, फोन बंद पडले. मुलाची काहीच खबर नव्हती. बीजींनी जेवण सोडलं. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र सवयीने घेत राहिल्या, आणि हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन बसलेल्या मला दिसल्या, हात थरथरत होते. मी काकांना हाक मारली. उपाशीपोटी गोळीने साखर उतरली हे ओळखून, वर्षभर त्यांची साखर मोजणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या हाताने त्यांना साखरेचं पाणी पाजलं. इतके घाबरलेले काका मी कधी पाहिले नव्हते.

बीजी जरा सावरल्यावर काकांनी जई शिजवून वाटी पुढे ठेवली. बीजींनी ती बाजूला सारली. "मेजर साब, मेरे गले तों नहीं लंघदा," त्या म्हणाल्या. घास घशाखाली उतरत नव्हता. तेव्हा मला राहवलं नाही. काकांच्या चुलीवर दोन दिवस पातेलं चढलं नव्हतं, हे मी बघितलं होतं. ते मी बीजींना सांगून टाकलं. काका माझ्यावर चिडले, मग ओशाळून म्हणाले, फौजेत तसा रिवाज आहे, आधी जनावर खातं, मग माणूस.

"मैं कोई घोड़ी हां?" बीजींनी विचारलं.

"नहीं जी. घोड़ी होतीं तो कब की मान जातीं." मग त्यांचा आवाज उतरला. "बीजी, बेटा आएगा तो उसको दरवाज़ा कौन खोलेगा? राह देखने को भी ताक़त लगती है."

बीजींनी वाटी ओढून एक चमचा खाल्ला, आणि काकांच्या हातात दुसरी वाटी दिली. मी तिथेच उभी राहून रडले, लाजसुद्धा वाटली नाही.

मुलगा पाचव्या दिवशी एका ट्रकमधून आला. दार बीजींनीच उघडलं.

शिक्षण संपवून मी पुण्याला परतले. आता आहाराचा सल्ला देणं हाच माझा व्यवसाय आहे. जईचे सगळे गुण मला पुस्तकातल्या नावांसकट सांगता येतात. पण न जेवणाऱ्या माणसासमोर नुसतं बसून राहायला मी काकांकडे शिकले. त्यांच्याइतकं अजून जमत नाही.

काका गेल्याचं बीजींच्या मुलाच्या पत्रातून कळलं. त्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची अशी, की बीजी दिवसभर रडल्या, पण दोन्ही वेळा जेवल्या.