बेडकी की लाली

दोन गाड्यांची तुलना खरं म्हणजे ज्याच्याकडे निदान एक गाडी आहे त्यानं लिहावी. आमच्या घरी एक सायकल आहे आणि तिची चेन दर आठवड्याला उतरते. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं लिहिणं तपासून देणारं घरात कुणी नाही. तरी लिहितो आहे. कुठं चुकलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण त्या मळ्यातल्या दोन्ही गाड्या चढावर चालवून पाहिलेला आणि त्याच मळ्यात ज्याची आई कामाला आहे असा मी एकटाच होतो.

मळा दौलताबादच्या पुढं घाटाखालच्या खोऱ्यात आहे, सीताफळाचा. झाडं खाली आणि फळं निवडायची शेड वर रस्त्याला. मधे दगडगोट्यांचा चढ. ट्रॅक्टरला तिथं वळायला जागा नाही. त्यामुळे इतकी वर्षं फळांचे क्रेट बायकांच्या डोक्यावरूनच वर जात होते. माझी आई त्यातलीच एक. गेल्या वर्षापासून तिची मान दुखायची. हाक मारली की नुसती मान वळवायची नाही, सगळीच्या सगळी वळायची. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं होतं. आईनं व्हय म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेली.

मळ्याच्या मालकांनी या हंगामात एटीव्ही लावायचं ठरवलं. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली, चार जाड चाकांची, रानात चालणारी गाडी. पुढं आणि मागं सामान ठेवायला लोखंडी कॅरियर असतं. एक लाल गाडी त्यांच्याकडे आधीपासून होती. त्यांचा भाचा ती किल्ल्याकडे येणाऱ्या पर्यटकांना फिरवायला वापरायचा. तिला पायाचे गिअर, हाताचा क्लच, मागं चेन. दुसरी हिरवी, शहरातल्या एका ओळखीच्या विक्रेत्यानं दिवाळीपर्यंत वापरून बघायला दिलेली. तिला क्लच नाही, आत पट्टा असतो, अंगठ्यानं दाबलं की चालते, आणि चारही चाकं ओढतात. बायकांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. लाल ती लाली आणि बसकी हिरवी ती बेडकी.

"इंजिनियर," मालक मला म्हणाले, "तू कॉलेजात हेच शिकतो ना? दर रविवारी ये, दोन्ही चालव अन् मला सांग कोणती ठेवू. लाली राहिली तर भाचा चालवंल. बेडकी राहिली तर बायकांतलीच कुणी चालवंल, तुझ्या आईला जमतीय वाटतं."

जमत होतीच. बेडकीवर ती पहिल्यांदा बसली तेव्हा साडीचा पदर खोचून, ओठ दातांत धरून बसली होती. शेडपर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "मोबाईलपेक्षा सोपं हाय. मोबाईलला धा ठिकाणी बोट लावावं लागतं."

लालीवर मात्र तिचं जमेना. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. भाचा बांधावर बसून म्हणाला, "मावशी, गाडी हाय ती, पाटा-वरवंटा नाय, इतकं रगडू नका."

"तू रगडून बघ एकदा पाटा," आई म्हणाली, "मग कळंल कोणतं सोपं ते."

म्हणजे बेडकी राहिली तर आईच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं आणि लाली राहिली तर नाही, कारण भाचा पर्यटकांना घेऊन गेला की क्रेट पुन्हा डोक्यावरच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि म्हणूनच मला धास्ती वाटत होती. आपण आईकडे बघून निकाल देऊ की काय, या भीतीनं मी बेडकीला जास्तच कडक तपासू लागलो. लाली सकाळी पाच किका मारून सुरू झाली तरी मी म्हणायचो, गारठा आहे. बेडकी जरा खोकली तरी मनात नोंद.

रात्री जेवताना मी आईला विचारलं, "तुला कोणती पाहिजे?"

"मला विचारून लिहिणार असशील तर तुला शिकिवलं कशाला?" ती म्हणाली. "खरं काय ते सांग त्यांना. भाकरी घे अजून."

पहिले काही रविवार दोन्ही गाड्या तोडीस तोड होत्या. भरल्या क्रेटनं चढ चढायचा, शेडमधे मालकांच्या बायकोसमोर क्रेट उतरवायचे आणि त्यांनी दुखावलेली फळं बाजूला काढायची. सीताफळाचं असं आहे की आदळलेलं फळ त्या दिवशी काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी काळं पडतं. म्हणून मालकीणबाई, ज्यांना सगळ्या बायका वैनी म्हणतात, प्रत्येक गाडीचे क्रेट वेगळे ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर सांगायच्या. लालीत धक्के जास्त, पण तिची दुरुस्ती सोपी. क्लचची वायर तुटली तर हर्सूलचा कोणताही मेकॅनिक बसवून देतो. बेडकी मऊ चालायची, पण तिचा पट्टा शहरात मागवल्याशिवाय मिळत नव्हता.

दसऱ्यानंतर सगळं बदललं. पुढच्या रविवारी मी आलो तर बेडकी चढावर धापा टाकत होती. वळणावर हँडल हलकं लागायचं, पुढची चाकं नुसतीच फिरायची आणि आतून जळक्या रबराचा वास यायचा. पट्टा घसरत होता. दुखावलेली फळंही तिचीच जास्त निघू लागली. आई चालवत होती म्हणून असेल असं वाटून मी स्वतः चालवली, तरी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. लाली, जी दसऱ्याला क्लचसाठी हर्सूलला गॅरेजमधे पडून होती, ती आता दणदण चढत होती.

भाचा म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस संपले, इंजिनियर."

माझ्याही मनात उत्तर तयार झालं होतं: बेडकी सुरुवातीला चांगली, पण टिकाऊ नाही. आईला कसं सांगायचं एवढंच उरलं होतं. तिला ते माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. तिनं त्या दिवशी दोन क्रेट परत डोक्यावर नेले. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी चालवायचं सोडून नुसता झाडाखाली बसलो आणि बायका गाडी कशी भरतात ते बघत राहिलो. लाली आली. तिच्या पुढच्या कॅरियरवर क्रेट, मागच्या कॅरियरवर क्रेट. मग बेडकी आली. तिचे सगळे क्रेट मागं, एकावर एक. पुढचं कॅरियर मोकळं. मोकळं म्हणजे त्यावर झेंडूची वाळलेली माळ होती, हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं आणि दोरीनं बांधलेला एक नारळ.

मी आमच्या शेजारच्या काकूंना विचारलं, त्याही तिथंच तोडणीला असतात. "काकू, पुढं का नाय ठेवत?"

"तिथं पूजा हाय की रं," त्या म्हणाल्या, जणू मी चुलीवर पाय का ठेवत नाही असं विचारलं होतं. "वैनींनी सोताच्या हातानं पुजलीय. त्याच्यावर क्रेट आदळायचा व्हय?"

दसऱ्याला आम्ही मळ्यात नव्हतो. तो आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. आई पांढरी साडी नेसून विहारात गेली होती, मीही तिच्याबरोबर होतो. पूजेची माळ मी नंतर पाहिली होती, पण दसऱ्यानंतर माळ कोणत्या गाडीला नसते? मी तिच्याकडे गाडीचा भाग म्हणून पाहिलंच नव्हतं. सगळं वजन मागं गेलं, पुढची चाकं उचलल्यासारखी झाली, चार चाकांचं काम दोनच चाकं करू लागली. पट्टा घसरणारच होता.

मी आईकडे गेलो. "तुला माहीत होतं?"

"पुढं हलकं लागतंय ते कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं हातातलं फळ पुसून क्रेटमधे ठेवलं. "बाकी बाया ठेवत नव्हत्या. मी ठेवला असता अन् कुणी म्हणलं असतं, हिला काय आपल्या पूजेचं, तर? लई वर्षं चांगली गेलीत इथं. एका क्रेटापाई कशाला."

"मी बोलू का वैनींशी?"

"तू नको. तू तपासणारा हायस. माझं मी बोलते."

ती चढ चढून शेडमधे गेली. मी मागोमाग गेलो, पण दाराशीच थांबलो. आई म्हणाली, "वैनी, इचारायचं होतं. बेडकीच्या पुढं क्रेट ठेवला तर चालंल का? तिथं तुमची पूजा हाय म्हणून कुणी ठेवत नाय. गाडी मागनं दबतीय."

वैनींनी आधी कपाळाला हात लावला आणि मग इतक्या मोठ्यानं हसल्या की वजनकाट्याजवळचा भाचा उठून आला.

"अगं बाई! विळा पुजतो आपण दसऱ्याला. मग दुसऱ्या दिवशी त्या विळ्यानं गवत कापतो का त्याला कोनाड्यात बसवतो? काम करायलाच पुजली की तिला!"

त्या स्वतः खाली आल्या. नारळ सोडला, बांधावरच्या दगडावर फोडला. इतक्या दिवसांत नासला असेल असं मला वाटलं होतं, पण खोबरं चांगलं गोड निघालं. त्यांनी पहिला तुकडा आईच्या हातावर ठेवला, मग सगळ्यांना दिला. पुढच्या कॅरियरवर पहिला क्रेटही त्यांनीच ठेवला. काकू म्हणाल्या, "आता बेडकीला बी खोबरं द्या, लई दिवस उपाशी चढली बिचारी."

त्यानंतर मी पुन्हा सुरुवातीपासून तपासलं. वजन पुढं-मागं सारखं झाल्यावर बेडकी वास न येता चढली. उतारावर मात्र लाली अजूनही सरस होती. गिअरमधे टाकली की इंजिनच तिला धरून ठेवायचं, बेडकीला ब्रेक लावत यावं लागायचं. आणि पट्ट्याचा प्रश्न होताच. दिवाळीच्या आदल्या रविवारी मी मालकांना जे होतं तेच सांगितलं: भरलेला चढ आणि फळाची निगा यात बेडकी पुढं, उतार आणि दुरुस्ती यात लाली पुढं. बेडकी ठेवली तर एक जादा पट्टा आधीच आणून ठेवावा लागेल आणि वजन कायम दोन्हीकडं वाटावं लागेल.

भाचा म्हणाला, "आईला पास केलं म्हण की सरळ."

मालक म्हणाले, "त्यानं उताराला लालीच चांगली म्हणलंय, ऐकलं नाय का तू?" मग मला म्हणाले, "दिवाळी होऊ दे. सांगतो."

दिवाळी झाली. माझी परीक्षा सुरू झाली. मी शहरात खोलीवर परत आलो. आई फोनवर जेवलास का, अभ्यास झाला का एवढंच विचारायची, आणि मालकांचं काय ठरलं हे विचारायचा मला धीर होत नव्हता. नाही असं उत्तर आलं असतं तर ते तिच्याच तोंडून ऐकावं लागलं असतं.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि कॉलेजच्या फाटकाजवळूनच फोन लावला. काकूंनी उचलला.

"कोन? तू व्हय. आई नाय यायची फोनवर."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? शेडला गेलीय क्रेट घिऊन. फोन माझ्याकडं देऊन गेली. म्हणली हँडलला दोन हात लागत्यात."

"बेडकीवर?"

"मग काय डोक्यावर? लाली गेली कवाच, भाच्यासंगं. नवा पट्टा बी आणून ठिवलाय मालकानं, शेडात खुंटीला टांगलाय."

"आणि मान? मान कशी आहे तिची?"

"ताठ हाय," काकू म्हणाल्या. "नाकासमोर बघून चालवती. आम्ही हाका मारतोय, आमच्याकडं ढुंकून बी बघत नाय."