वाट कोण बघतं

सरांचं पुस्तक लवकर पुरं व्हावं असं मला वाटायचं, आणि होऊ नये असंही.

सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. धुळ्यात देवपूरला एकटेच राहायचे. डोळे गेल्यात जमा होते, म्हणून मी वाचून दाखवायचो आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचो. मी चंद्रपूरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. यंत्रमागावर कामाला म्हणून इतक्या लांब आलो आणि माग बंद पडले. चहाच्या टपरीवर कारागिरांना पेपर वाचून दाखवत होतो, तेव्हा सरांनी ऐकलं. म्हणाले, "जोडाक्षरांना घाबरत नाहीस ना?" घाबरायचो, पण नाही म्हणालो. त्यांनी मागची खोली दिली, पगार दिला, आणि समोर बसायला खुर्ची दिली. दोन पानं झाली की विचारायचे, "दमलास का?" हे मला आधी कुणी विचारलं नव्हतं.

काय पिकवायचं, काय बनवायचं हे एका देशात सरकार ठरवतं, दुसऱ्यात बाजार. दोन्हीकडे माणसाचं काय होतं याची तुलना करण्यात सरांचा जन्म गेला; कॉलेजात ते हाच पेपर शिकवायचे. तरुणपणी ते रशियात शिकून आले. पुढे तिथली व्यवस्थाच मोडली. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "सर, तुमच्या अर्ध्या पेपरचं तेरावं कधी घालायचं?" सर हसले आणि तासाला गेले. काही वर्षांनी तो पेपरच अभ्यासक्रमातून गेला. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही, नुसता बसायचा.

उत्पादन, भाव हे बघायचंच, पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. इथं वाट कोण बघतं? तिकडे ते स्वतः बुटांसाठी बर्फात रांगेत उभे राहिले होते. आपल्याकडे रांग दिसत नाही, म्हणून ती नाही असं समजू नका, असं ते मुलांना सांगायचे.

शेवटचं प्रकरण काही होईना. आज सांगितलेलं उद्या मी वाचून दाखवलं की ते म्हणायचे, "खोड." शेजारच्या अक्का डबा ठेवून ओरडायच्या, "सर, भाकर गार व्हई गई! तुमनं पुस्तक काय पळी जाई का?"

सरांच्या मुलाचा बंगळुरूहून फोन यायचा, स्पीकरवर. "बाबा, पुस्तक झालं की इकडे या. किती दिवस एकटे राहणार?" सर म्हणायचे, "बघतो." मी तिथंच बसलेला. म्हणजे पुस्तक झालं की घराला कुलूप. आणि मी? पानं खोडली गेली की मला बरं वाटायचं, आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघून लगेच लाजही वाटायची.

उन्हाळ्यात सर म्हणाले, फैजपूरला जाऊन येऊ. तिथं त्यांचे बालमित्र नाना, केळीवाले. नाना बागेच्या बांधावर बसलेले. माल तयार, पण व्यापाऱ्याची कापणीची माणसं आलेली नव्हती.

"कधी येणार?" सरांनी विचारलं.

"येतील. फोन उचलत नाहीत."

"मग थांब ना चार दिवस."

"मी थांबतो रे. केळीला विचार, ती थांबते का."

परतीच्या गाडीत सरांनी मला वही काढायला लावली. मग म्हणाले, "घे लिहून. ज्याला थांबणं परवडतं, भाव त्याच्या हातात. ज्याला परवडत नाही, तो वाट बघतो. नियोजन असो की बाजार, आधी हे तपासावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच वाचून दाखवताना मी मधेच अडलो.

"काय झालं? जोडाक्षर आलं?"

"नाही, सर." मी वही खाली ठेवली. "सर, तुम्ही बंगळुरूला जाणार का?"

"मुलाला काय सांगितलं, ते ऐकलंस ना तू?"

"'बघतो' म्हणालात."

"मग?"

"मला कुठं जायचं ते ठरवायला लागेल, सर."

कूलर घरघरत होता. मला वाटलं, आता हाकलतात. सर हाताने टेबलावर चष्मा शोधत राहिले. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले.

लावला. मुलाला त्यांनी सांगितलं, "दिवाळी झाली की येतो. नक्की." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तोवर खोली तुझी. जळगावला छापखान्यात ओळख आहे, विचारतो. खात्री देत नाही."

"बरं, सर."

"आणि ते कालचं खोडू नको. राहू दे."

ऐकलं ते माझ्या सोयीचं नव्हतं. दिवाळीनंतर कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी मागच्या खोलीत जाऊन मी आडवा झालो तो असा झोपलो, की अक्का जेवणासाठी दार वाजवून वाजवून निघून गेल्या, आणि मला कळलंसुद्धा नाही.