पोपटाचा उष्टा पेरू

माझ्या थोरल्या दिरांनी मला फसवलं. पैशाला हात न लावता फसवलं, म्हणून घरात कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही.

वाळूजच्या कारखान्यांना मी कामगारांचे गणवेश शिवून देते. एका जुन्या मशीनवर सुरुवात केली होती. कापडवाल्यानं तागा उलगडला की मी आधी एक धागा ओढून काडीनं जाळते. सुताची राख होते, भेसळीची गुठळी होते. मग भाव बोलते.

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळायची नाही. काही हवं असलं तर बोट दाखवायची नाही, माझं मनगट धरून माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. मशीन सुरू झाली की कान झाकायची, पण बटणांची रंगवार रांग लावत दुपार घालवायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. थोरले दीर निवृत्त मुख्याध्यापक. घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"काही गरज नाय. आमचे वडील पाचव्या वर्षी बोलले. रक्तातच आहे ते. पोपटाचा उष्टा पेरू चारा तिला, पोपटासारखी बोलायला लागेल."

मी शहागंजात पोपटवाला ज्योतिषी गाठला.

"बाई, माझा पोपट चिठ्ठी काढतो. पेरूचा धंदा नाय आपला."

त्याच्याशीही घासाघीस केली आणि टोचलेला पेरू रोजचा ठरवला. पोरीनं पेरू आवडीनं खाल्ले. दोन वर्षांत पोपट गुबगुबीत झाला. पोर बोलली नाही.

त्याच दोन वर्षांत दिरांच्या मुलीचं लग्न कन्नडच्या बागायतदाराकडं जमलं आणि झालं. मांडवात ताशा सुरू होताच माझी पोर कान दाबून जेवणाच्या टेबलाखाली शिरली. "गर्दीची सवय नाय तिला," दीर व्याह्यांना हसून सांगत होते.

लग्नानंतर सासऱ्यांची थोरली बहीण राहायला आली. सासरे पाचव्या वर्षी बोलले, असं मी म्हणताच म्हातारी हसायला लागली. "कोण, आमचा भाऊ? दीड वर्षाचा होता तवा शेजारणीला शिव्या द्यायचा, लई गोड."

मी दिरांकडं पाहिलं.

"सोयरीक जुळायची होती," ते म्हणाले. "घरात असं मूल आहे कळलं असतं तर कोण आलं असतं? तू तर व्यवहारातली आहेस, समजून घे."

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता पोरीला डॉक्टरकडं नेलं. स्वमग्नता, त्या बाई म्हणाल्या. आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी. आईचं काही चुकत नाही. शिकवलं की मूल आपल्या वाटेनं शिकतं, मात्र जितक्या लवकर सुरू कराल तितकं तिला सोपं. आता पोर चित्रांची कार्डं देऊन मागते. परवा पेरूचं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

दादा, व्यवहारातलीच आहे मी. सोयरीक तुमची, सौदा तुमचा. त्यात माझ्या पोरीची दोन वर्षं तुम्ही कुणाला विचारून घातलीत? ज्या व्याह्यांपासून लपवलंत, त्यांच्यासमोर बसून सांगा. मी पोरीला घेऊन येते.