त्या शनिवारी मी खेळत होतो

उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. तिथल्या क्लबसाठी मी काही उन्हाळे क्रिकेट खेळलो. अशा बाहेरून आणलेल्या खेळाडूला तिकडे 'प्रो' म्हणतात. बाकीचे दहा जण आपापली कामं सांभाळून शनिवारी खेळायला येतात. कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर, कुणी ट्रक चालवणारा. पगार घेऊन खेळणारा एकटा प्रो, त्यामुळे हरलं की सगळ्यांची मान आपोआप त्याच्याकडे वळते.

मी नालासोपाऱ्याचा, तुळिंजचा. आमचं मूळ कोकणातलं. बाबा नोकरीसाठी मुंबईला आले आणि घर घ्यायची वेळ आली तेव्हा इकडे सरकले. मी डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि फलंदाजी बऱ्यापैकी. मोठ्या संघाकडून मोजके सामने खेळलो, मग एका मोसमात वगळला गेलो तो गेलोच. तिशी जवळ आली होती, हातात दुसरं काही नव्हतं. ओळखीतून या क्लबचं विचारणं आलं आणि मी गेलो.

परदेशात खेळतो म्हटलं की लोकांना चैन वाटते. मी मैदानाला लागून असलेल्या घरात वरच्या खोलीत राहायचो. खाली क्लबचा माळी राहायचा. बायको गेलेली, मुलगी दूर शहरात, असा एकटा म्हातारा. सकाळी त्याच्याबरोबर खेळपट्टीवरची ताडपत्री ओढायची, रोलर फिरवायचा. दुपारी शाळेतल्या मुलांना शिकवायचं. एप्रिलमध्ये इतकी थंडी की चेंडू बोटांत आहे की नाही ते कळायचं नाही, आणि फिरकीवाल्याची बोटंच गेली तर उरलं काय? संध्याकाळी मी कुकर लावला की पहिल्या शिट्टीला म्हातारा खालून ओरडायचा, "आग लागली का रे?" पुढे त्याला डाळभात आवडायला लागला. मिरची मात्र तो ताटाच्या कडेला काढून ठेवायचा.

बोलायला माणूस नसणं ही खरी अडचण होती. इंग्रजी येत होतं, पण मैदानापुरतं. मनातलं काही त्यात सांगता येत नसे. ते सगळं मी बायकोसाठी साठवून ठेवायचो.

ती पापडीजवळच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवते. माहेर खाडीकडचं, शेतकऱ्याचं. ज्या वर्षाबद्दल मी सांगतोय, त्या वर्षी निघताना तिला दिवस होते. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून राहिलेले दिवस. मी म्हटलं, या वर्षी नाही जात. ती म्हणाली, "बाळ सप्टेंबरअखेर येणार, तू त्याच्या आधी परत येतोयस. इथे बसून काय करणार, माझं पोट मोजणार?" मी गेलो.

त्या क्लबने पॅव्हेलियनच्या गच्चीवर एक कॅमेरा बसवला होता. त्यावरून सामने इंटरनेटवर दिसायचे. एकच कॅमेरा, एकाच जागी रोखलेला, आवाजाला फक्त वारा. बघणारे बहुतेक घरचेच. इंग्लंडमध्ये दुपारी सामना सुरू होई तेव्हा घरी नालासोपाऱ्याला संध्याकाळचा चहा झालेला असायचा. बाबा टीव्हीला फोन जोडायचे आणि आई, बाबा, ती असे तिघे बसून बघायचे. पन्नास झाल्या की मी बॅट आधी गच्चीकडे दाखवायचो. संघातल्या पोरांना वाटायचं, क्लबच्या अध्यक्षांना सलाम करतोय.

जुलैतला तो शनिवार मला हवा तसा उजाडला होता. लख्ख ऊन, कोरडी खेळपट्टी. समोरचा संघ पहिल्या नंबरावर. आमचे वरचे लवकर बाद झाले आणि मी सुरुवातीपासूनच असा खेळत होतो की चेंडू हातातून सुटायच्या आधीच मला दिसत होता. पन्नास झाल्या, गच्चीकडे बॅट उंचावली. शंभर झाल्या, पुन्हा उंचावली. त्यावर नंतर विकेटही मिळाल्या. आम्ही जिंकलो. प्लंबरने, तो आमचा सलामीचा फलंदाज, मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही पडलो.

घरी फोन लावला. बाबांनी घेतला.

"चांगला खेळलास," ते म्हणाले.

"ती कुठेय? बघितलं का तिने?"

"बघितलं. आता झोपलीय. दमलीय जरा."

"आणि आई?"

"तिच्याजवळ आहे."

बाबांचा आवाज बसल्यासारखा होता. मला वाटलं, सर्दी असेल. रविवारी तिचा मेसेज आला, "घरी माणसं आहेत, उद्या बोलू. छान खेळलास." मी दिवसभर शीळ घालत फिरत होतो. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या दोन दिवसांत मी जितका आनंदात होतो तितका परदेशात कधीच नव्हतो.

सोमवारी सकाळी मी रोलर फिरवत होतो. म्हातारा दारातून आला आणि हँडलवर हात ठेवून म्हणाला, "ते राहू दे. आत चल." त्याने चहा केला. माझ्या चहात साखर जास्त लागते हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी तो घालत होता ते थांबेचना. मग खुर्ची ओढून माझ्या अगदी शेजारी बसला. "तुझ्या वडिलांचा फोन येईल," म्हणाला.

आलाच. बाबांनी आडवळण घेतलं नाही. "ऐक. ती बरी आहे. आधी हे ऐक, ती बरी आहे. बाळ गेलं."

शुक्रवारी तिला वाटलं की बाळ सकाळपासून हललं नाही. दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. तिथेच भरती केलं, कळा आणण्याची औषधं दिली. शनिवारी बाळंत झाली. मुलगी होती.

"शनिवारी कधी?" मी विचारलं. दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

बाबा म्हणाले, "तुझी बॅटिंग चालू होती."

म्हाताऱ्याला मराठीचा शब्द कळत नव्हता. त्याने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फोन संपून बराच वेळ झाला तरी काढला नाही. विमानतळावर सोडायला जाताना त्याने गाडीत मला सांगितलं की रविवारी बाबांनी त्याला फोन केला होता. माझे बाबा इंग्रजी बोलायला इतके लाजतात की बँकेतून फोन आला तरी माझ्या हातात देतात. म्हातारा म्हणाला, "ते एवढंच म्हणाले. माझा मुलगा. प्लीज, त्याच्याजवळ बसा. दोनदा म्हणाले."

घरी पोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सासूबाई आल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "तिला दूध आलाय. काय बोलू नको, नुसता बस." छाती घट्ट बांधून ठेवली होती. ताप होता. मी तिचा हात धरला तेव्हा ती म्हणाली, "पहिला कॅच सुटला तुझा. मला वाटलं गेलास."

"तू सामना बघितलास?" मी विचारलं.

"बघत होते मी," ती म्हणाली. "कळा येत होत्या तेव्हा. आईंनी फोन धरला होता. नर्स ओरडत होती, बंद करा ते. मी नाही करू दिला."

"मला का नाही सांगितलं?"

"मीच नको म्हटलं."

"पण का?"

"इथे माझ्याजवळ सगळे होते. आई होत्या, बाबा होते, माझी आई होती. तुझ्याजवळ कोण होतं?" मग ती म्हणाली, "आणि कुणीतरी एक जण त्या दिवशी खूश होतं. तेवढं राहू दे वाटलं."

मी हे वाक्य अनेकदा मनात फिरवलंय. कधी वाटतं, तिने माझ्यावर माया केली. कधी वाटतं, माझ्या मुलीचा एकच दिवस होता आणि तोही मला मिळाला नाही. दोन्ही खरं आहे. रागावू कुणावर? रागवायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा मला स्कूटरवरून घेऊन गेले, जिथे त्यांनी आणि माझ्या मेहुण्याने बाळाला पुरलं होतं तिथे. पाऊस नुकता थांबला होता, सगळीकडे गवत वाढलेलं. बाबा जरा गोंधळले, इकडे बघ, तिकडे बघ. मग एका ठिकाणी थांबले. "इथे," म्हणाले. "इथेच असावं." आम्ही उभे राहिलो. ते म्हणाले, "मी धरली होती तिला. माझ्या एका हातात मावली. बोटं तुझ्यासारखी होती, लांब." आणि माझे बाबा, जे आजोबा गेले तेव्हाही सगळ्यांना चहा पाजत फिरत होते, ते तिथे ओल्या गवतात उकिडवे बसले आणि रडले. मी त्यांच्याजवळ बसलो.

मोसम अजून निम्मा उरला होता. माझा परत जायचा विचार नव्हता. तिनेच मला पाठवलं. "तू दिवसभर माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडे बघतोस," ती म्हणाली. "तू बघतोयस म्हणून मी नीट वागते. मला रडायचंय रे. जा तू."

गेलो. ताडपत्री, रोलर, मुलं, कुकर. क्लबात सगळ्यांना कळलं होतं. माणसं वाईट नव्हती, त्यांना शब्द सुचत नव्हते इतकंच. माझ्याशी हवेबद्दल बोलायचे. चहा देणारी बाई सँडविचं जास्त वाढायची. माझी फलंदाजी मात्र पार गेली. पाय हलत नसत. एका शनिवारी पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला आणि गच्चीखालून आत जाताना मला त्या कॅमेऱ्याकडे बघवेना.

प्लंबर पहिल्या स्लिपला उभा राहायचा, मी दुसऱ्या. स्लिपमध्ये माणसं समोर बघत बोलतात, एकमेकांकडे नाही. एका सामन्यात दोन षटकांच्या मधे तो समोर बघतच म्हणाला, "आमचाही गेला एक. आताच्या पोराच्या आधी."

मी टोपी पुढे ओढली.

"आठ वर्षं झाली. लोक सांगतील, विसराल. विसरत नाही." गोलंदाज धावायला लागला तसा तो वाकला, हात पुढे घेतले. "फक्त तुला बोलायचं असलं, तर मी आहे, एवढंच."

मला बोलायचं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघे बाउंडरीजवळच्या बाकावर बसलो आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. पन्नास, शंभर, गच्ची, सगळं. तो मोठ्या पंजांचा माणूस, ढसाढसा रडला. मी नाही रडलो. मला घरी जायचं होतं.

सप्टेंबरात आलो. ज्या तारखेची वाट बघितली होती ती आली आणि गेली. त्या दिवशी ती शाळेत गेली, मी अर्नाळ्याला एका सामन्याला गेलो. संध्याकाळी दोघांनीही तो विषय काढला नाही. आईने पुरणपोळी केली होती, का ते तिने सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलोच नाही. घरी राहिलो, मुलांना शिकवलं. दोघं एका घरात होतो, पण बोलणं पूर्वी फोनवर होत होतं तितकंही राहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी क्लबने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "जा. मे महिन्यात मला सुट्टी आहे, मी येते."

ती आली. माझे दोन स्वेटर एकावर एक घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून ती मैदानाकडेच्या बाकावर बसली. म्हाताऱ्याने तिला गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी दिली. आमची गोलंदाजी चालू होती. मी स्लिपमधून बघितलं, तर प्लंबरची बायको तिच्या शेजारी येऊन बसली होती. माझ्या बायकोला इंग्रजी वाचता येतं, बोलायला ती घाबरते. तरी त्या दोघी सगळा डाव बोलत होत्या. एकदा मला दिसलं, तिने डोळे पुसले. प्लंबरनेही बघितलं असणार. आम्ही दोघे समोर बघत उभे राहिलो.

रात्रीचं जेवण करताना मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "त्यांनी त्यांच्या मुलाचं नाव ठेवलं होतं. दर वर्षी त्याच्या दिवशी ते नाव घेतात मोठ्याने, एकदा. आपण ठेवलंच नाही."

"ठेवूया?"

ती भात वाढत होती. वाढायचा चमचा तिने खाली ठेवला. मग तिने एक नाव सांगितलं. ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं, माझ्या लक्षात आलं, किती दिवसांपासून कुणास ठाऊक. ते मी इथे लिहीत नाही. आम्हाला अजून मूल नाही, आणि आता होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

खाली म्हातारा रेडिओवर हवामान ऐकत होता. उद्या पाऊस सांगितला होता. जेवण अर्धं सोडून मी ताडपत्री घालायला उतरलो आणि माझ्यामागोमाग तीही आली, दुसरं टोक धरायला.